उतरत्या चंद्राचं पाणी

सौंसर
२८ सप्टेंबर २०२५, रविवार

चि. अमिता,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील. फाडायचं असेल तर वाचून फाड. अकरा महिने झाले, फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला निदान मधेच कट करता येत नाही.

परवा आपला मनोहर नागपूरहून आला. मी दुकानात तीन एचपीची मोटार उघडून बसलो होतो. पाणी न पिता, बूटही न काढता सांगायला लागला.

"मामा, अमिता दवाखान्यात नाही आता. बर्डीवर कपड्याच्या दुकानात घड्या करून राहिली."

"काऊन? काढली का तिले?"

"कोणी नाही काढली. सोताच सोडलं. म्हणे, दादा, माणसाच्या जिवाचं काम मापाचं असते, आन मले माप जमत नाही."

मी म्हटलं, "गाढवा, तिले माप नाही जमत? वायंडिंगचे फेरे मोजाले सातव्या वर्षी माह्यापाशी बसत होती ते. बहात्तर म्हणजे बहात्तर. कधी एकाहत्तर नाही झाले."

मनोहर म्हणाला, "ते मले नका सांगू मामा. तिले सांगा."

म्हणून सांगतो आहे. तू तीन वर्षं शिकलीस, दोन वर्षं ड्यूटी केलीस, तुझ्या मेट्रनबाई तुझ्या चार्टचा नमुना नवीन मुलींना दाखवत होत्या. घड्या करायला दुसरं कुणीही मिळेल. परत जा. झालं ते झालं. तुझी आई आजारी होती, दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर नागपूरला न्यावं लागत होतं. अशा माणसाचं काय सांगता येतं? कुणाच्या हातात नव्हतं ते.

तेरवीला मी चार लोकांत जे बोललो ते रागात बोललो. बायको गेलेला माणूस काय भान ठेवून बोलणार? तू त्याच पावली पिशवी भरून नागपूरची बस धरलीस. हे मला बरोबर वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाही. बापाचा शब्द एवढा मनाला लावायचा नसतो.

आणि जाताना तू माझ्या विद्येला थोतांड म्हणालीस, तेही मी विसरलेलो नाही. तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मी नारळ-लिंबू, सुई, बाहुली, कशालाच हात लावत नाही. कुणावर करणी केली नाही, कुणाची काढतो म्हणून कुणा बाईचं नाव घेतलं नाही. भगत लोक अंदाजानं करतात, मी मापानं करतो. सावरगावच्या आत्यानं मला चंद्राचं पाणी फक्त एकदा दाखवलं, तेही अर्धवट. बाकी सगळं मी पंचांग घेऊन वीस वर्षांत स्वतः बसवलं, जशी मोटार बसवली. दहावी नापास माणसानं.

पाणी विहिरीचं, दिवस मावळायच्या आधी काढलेलं, काढताना न बोलता. भांडं काशाचं आणि पसरट, कारण खोल भांड्यात चंद्र दिसत नाही, आणि चंद्र दिसला नाही तर ते नुसतं गार पाणी. तळाशी चांदीचा तुकडा. वर झाकण नाही, माणसाची सावली नाही. सूर्य निघायच्या आत बरणीत भरायचं आणि काळं कापड गुंडाळायचं. वाढत्या चंद्राचं पाणी भरतं : दूध आटलेल्या बाईला, बहर न धरणाऱ्या संत्र्याच्या झाडाला. पुनवेला भरून उतरत्या चंद्राबरोबर रोज घटवत दिलेलं पाणी काढतं : ताप, भय, अंगावरची सूज. आणि घेणाऱ्यानं कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की उतरून जातं. यात थोतांड काय आहे? कुणाचं नुकसान झालं आहे का आजवर?

तुझ्या आईसाठी मी त्यातलं पाणी फक्त उंबऱ्यावर शिंपडत होतो. तेवढंच. तुझ्या औषधपाण्यात मी पडलो नाही.

परत ड्यूटीवर जा. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, मनोहरला नुसतं हो म्हण.

बाबा


सौंसर
७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

अमिता,

मागच्या पत्रात एक ओळ खोटी आहे. उंबऱ्याची.

काल कोजागिरी होती. मी पाणी ठेवलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपासून लोक येत होते. पांढुर्ण्याकडचा भिवाजी, संत्र्यावाला, पाच लिटरची कॅन घेऊन आला. त्याला मी दर वर्षी सांगतो की प्लास्टिक चालत नाही, आणि दर वर्षी तो प्लास्टिकच आणतो.

"का दत्तूभाऊ, यंदा चंद्राची डिलेवरी बंद हाये का?"

"बंद."

"ढगं तर नाही बाप्पा. पह्य ना, कसा थाळीवानी निंघाला."

"त्यात चंद्राची चूक नाही, भिवाजी."

"मंग कोनाची हाये?"

मी दार लावून घेतलं. बाहेर त्याची फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला.

आता मी क्रमानं लिहितो, मला तसंच जमतं.

मागच्या कोजागिरीला, १६ ऑक्टोबरला, बुधवार होता. तुम्ही दोघी मशीनहून संध्याकाळी परतलात. तुझ्या आईचे पाय इतके सुजले होते की जोडव्याची खूण बोटात रुतली होती. तू तिला दिवसाचं आठशे मिली पाणी ठरवून दिलं होतंस. लहान माठ वेगळा, त्यावर खडूची खूण, आणि वही. माठाला हात लावायची मला बंदी होती. तुझं ते वागणं मला लागत होतं. माझ्या घरात, माझ्या बायकोला, पाणी माझ्या पोरीला विचारून.

त्या संध्याकाळी चंद्र वर आला तेव्हा मी परात गच्चीवर मांडली. माझा विचार असा होता : सूज म्हणजे अंगात भरलेलं पाणी. भरलेला चंद्र पुनवेपासून घटत जातो. तर त्याच पुनवेचं पाणी रोज घटत्या मापानं दिलं, तर अंगातलं पाणीही त्याच्याबरोबर घटत जाईल. पहिल्या दिवशी ४२० मिली, मग रोज तीस कमी, चौदाव्या दिवशी तीस, अवसेला शून्य. एकूण तीन लिटर दीडशे. तेवढंच मोजून बरणीत भरलं होतं. तुझ्या आठशेत ते मी धरलं नाही. माझ्या डोक्यात ते पाणी नव्हतंच, ते औषध होतं. पाणी काढणारं औषध पाण्यात कसं धरायचं? तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. मला तेव्हा ते इतकं बरोबर वाटलं होतं, की आयुष्यात एवढा चोख हिशेब मी दुसरा बसवला नव्हता.

गुरुवारी ४२०. शुक्रवारी ३९०. शनिवारी, तुम्ही निघायच्या आधी, ३६०. तू आंघोळीला गेलीस की द्यायचो.

शनिवारी काट्यावर वजन सव्वा किलोनं जास्त निघालं. मशीनवाल्यानं तुला सगळ्यांसमोर सुनावलं. घरी आल्यावर तू आईसमोर उकिडवी बसलीस. मी दारातच उभा होतो.

"आई, खरं सांग. चोरून पेली ना तू?"

"नाही वं माय."

"माठ मी सोता मोजून राहिली. माठ बरोबर हाये. मंग हे वजन आभाळातून आलं का?"

"मले का मालूम."

"तुले मरायचं हाये का आई? सांग ना. मरायचं असन तर मी कायले सुट्टी घेऊन बसली हाव इथं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान हलवली, इतकीशी. माझा नियम होता ना, सांगितलं की उतरतं. मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "चुकलं माय. पेली असन एखाद बार."

न केलेल्या चोरीची कबुली दिली तिनं. तू उठून बाहेर गेलीस आणि नळापाशी तोंड धुवत राहिलीस, खूप वेळ. वहीत आठशे खोडून सहाशे लिहिलंस. मी लिहू दिलं.

रविवारी ३३०, सोमवारी ३००, मंगळवारी सकाळी २७०.

बुधवारी पहाटे तिला आडवं पडवेना. गाडी सावनेरच्या पुढे गेली तेव्हा ती बसल्या बसल्या माशासारखी तोंड उघडत होती. दवाखान्यात काट्यावर बसवलं, मशीनला जोडायला नळ्या काढल्या, आणि संपलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

एकूण २०७० मिली. हे माझं आहे. तुझ्या मापात खोट नव्हती. आणि तरी तेरव्या दिवशी तुझ्या मामांसमोर, आत्यांसमोर, मी म्हणालो, "पोरीनं खडूच्या खुणेत ठेवली माह्या बायकोले. तहानेनं गेली ते." लोकांनी तुझ्याकडे पाहिलं. मी पाहू दिलं.

आता तरी परत जा.

दत्तात्रय


सौंसर
१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

अमिता,

तुझी चिठ्ठी मनोहरनं आणून दिली. मला वाटलं होतं शिव्या असतील. मी त्या ऐकायला बसलोच होतो. मनोहर शेजारी उभा होता, त्याला म्हटलं, वाच, माझा चष्मा आत आहे. चष्मा खिशातच होता.

त्यानं वाचलं : "बाबा, तुमचं पाणी वहीत मांडलं. तरी जुळत नाही. शनिवारी मशीन झाल्यावर आई अठ्ठेचाळीस किलो सहाशे होती. बुधवारी बावन्न चारशे. म्हणजे तीन किलो आठशे वाढली. रवि, सोम, मंगळ मी सहाशे-सहाशे दिलं, ते अठराशे. तुमचं त्या तीन दिवसांचं नऊशे. दोन्ही मिळून दोन सातशे. एक किलो शंभर उरते. ते माझं असन. कुठंतरी मीच चुकली. तुम्ही माझ्यासाठी सगळं सोतावर घेऊन राहिले, मले समजते. पण दवाखान्यात मी नाही जाणार. आईले शेवटच्या रात्री पाणी मागताना मी नाही म्हटलं होतं, तो आवाज जात नाही कानातून. तुम्ही मले माफ करा."

मनोहरनं चिठ्ठीची घडी केली. तो म्हणाला, "मामा, माफी ते मागून राहिली." मी म्हटलं, हाव, ऐकलं. तो गेला. मोटारीची क्वाइल तशीच टेबलावर राहिली, आज तीन दिवस झाले. गिऱ्हाईक येऊन ओरडून जातं.

बहात्तर म्हणजे बहात्तर, हे मीच तुला शिकवलं. एक किलो शंभरासाठी तू स्वतःला धरशील, हे मला कळायला हवं होतं. मागच्या पत्रात मी नऊ दिवस हिंमत गोळा करून जे लिहिलं, ते विद्येची चूक म्हणून लिहिलं होतं. विद्येची चूक कबूल करता येते. मोठ्या मोठ्या लोकांची होते. जे उरलं ते विद्येचं नाही, म्हणून ते लिहिलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी, सव्वासात झाले होते. तू गाडीवाल्या राजूकडे गेली होतीस, सकाळी पाच वाजता गाडी लावायला सांगायला. जाण्याआधी तिनं तुला पाणी मागितलं होतं आणि तू म्हणालीस, "आता नाही आई, सकाळी मशीन झाल्यावर देते. हे घे, ओठ भिजव." कापूस भिजवून दिलास. तू बरोबर केलंस. तुझ्या शास्त्रात तेच बरोबर होतं.

तू फाटकाबाहेर गेलीस तशी ती मला म्हणाली, "थोडं पाणी द्या ना."

"आजचं झालं ना सकाळी. दोनशे सत्तर."

"ते नका देऊ. साधं द्या. माठातलं."

"माठावर तिची खूण आहे. तिले कळन."

जीभ तिच्या टाळूला चिकटत होती, बोलताना आवाज येत होता, कागद फाडल्यासारखा. अमिता, सत्तावीस वर्षं संसार केला, त्या बाईनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा मी आणेन ती. आणि पाणी मागत होती.

मी आत गेलो, बरणी घेऊन आलो. म्हटलं, "हे घे. हे चंद्राचं आहे, हे मापात येत नाही."

पहिला पेला मी मोजून दिला. दुसराही. मग तिनं पेला बाजूला सारला आणि बरणीच हातात घेतली, दोन्ही हातांनी, सुजलेल्या. मी खालून धरली. ती प्यायली. थांबली, श्वास घेतला, परत प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर गेलं, ते तिनं पुसलं नाही. पुढच्या आठ दिवसांचं सगळं होतं त्यात. एक लिटर ऐंशी मिली. एक थेंब राहिला नाही.

तुझे एक किलो शंभर ते हेच आहेत. वीस ग्रॅमचा फरक काट्याचा असेल.

मला कळत नव्हतं असं मी लिहिणार नाही. दिवे लागले होते, खोलीत ट्यूबलाइट होती, चंद्र अजून उगवलाही नव्हता. तिथे विद्या नव्हती, पक्ष नव्हता, तिथी नव्हती. पाणी होतं आणि तहानलेली बायको होती. मी चंद्राचं नाव घेतलं ते एवढ्यासाठी, की पाणी देतो आहे असं मला म्हणावं लागू नये. पाणी म्हटलं असतं तर तुझी वही आठवली असती. तुझी वही आठवली असती तर मला नाही म्हणावं लागलं असतं. आणि तिला नाही म्हणणं मला त्या क्षणी शक्य नव्हतं. तुला ते शक्य होतं. तू माझ्यापेक्षा मजबूत आहेस, आणि मी चार लोकांत तुझ्या त्याच मजबुतीला दगड मारला.

पिऊन झाल्यावर तिनं डोकं भिंतीला टेकवलं. डोळे मिटले. चेहरा असा झाला, जसा तुझ्या जन्माच्या दिवशी सकाळी होता. म्हणाली, "आता कसं थंड वाटून राहिलं."

मग म्हणाली, "अमिताले नका सांगू बरं. पोरगी मोजून मोजून थकली."

हे तिचे जवळजवळ शेवटचे धड शब्द. त्यानंतर खोकला सुरू झाला. हे वाक्य मी वर्षभर माझ्यासाठी वापरलं. तिनंच सांगितलं होतं नका सांगू, मग मी कसा सांगणार, असं. ते माझ्यासाठी नव्हतं. तुझ्या दमलेल्या जिवाची तिला काळजी होती, एवढाच त्याचा अर्थ होता. जिच्यासाठी ते होतं तिलाच मी त्याच्याखाली गाडलं.

तर आता बेरीज कर. तुझे अठराशे, माझे नऊशे, माझे एक हजार ऐंशी. कुठे काही उरत नाही. तुझ्या बाजूला शून्य आहे.

ही तिन्ही पत्रं तू मेट्रनबाईंना दाखव, मामांना दाखव, पोलिसांत द्यावीशी वाटली तर दे. सही खाली पूर्ण करतो आहे. पुढच्या गुरुवारी, तारखेनं, आईचं वर्षश्राद्ध आहे. तेरवीला जेवढे लोक होते तेवढ्या सगळ्यांना बोलावलं आहे. त्यांच्यासमोर, उभा राहून, मी हे सगळं सांगणार आहे, मापासकट. तू यावंस असं मी म्हणत नाही. माझ्या दारात पाय ठेवायला कुणी लावणार नाही तुला. फक्त ड्यूटीवर जा. कुठल्या तरी वॉर्डात कुणी तरी पाणी मागत असेल, आणि नाही म्हणायला, नाही म्हणून त्याच्यापाशी बसून राहायला, तुझ्यासारखं माणूस लागतं. माझ्यासारखं नको.

आणि तो आवाज कानातून जात नाही म्हणतेस, त्यासाठी एवढंच. तू नाही म्हटल्यावर पाऊण तासात ती पोटभर प्यायली होती. रात्री तू तिच्या पायथ्याशी झोपलीस तेव्हा तिला तहान नव्हती. गाडीतही नव्हती. मी विचारलं होतं.

तुझी आई तहानलेली गेली नाही, अमिता.

दत्तात्रय चिंधूजी घागरे
मोटार वायंडिंग, सौंसर